पगार, तालीम आणि इमान

दिवाळी आली की गड्याला नवे धोतर, बलुतेदाराला फराळाचे ताट आणि नोकराला बक्षिसी देण्याचा आपल्याकडे जुना रिवाज. पण माणूस मन लावून काम करतो तो कशाने? बक्षिसीने, तालमीने, की आणखी कशाने? आमच्या परभणीच्या मातीला हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांमागेच पडला होता.

हिंगोली 1999 साली वेगळा जिल्हा झाली. तोवर ती परभणीचीच. निजामाच्या काळी तेथे कंटिन्जंट फौजेची छावणी होती. खर्च निजामाचा, अंमलदार इंग्रज. तेथल्या शिपायाला कवायत होती, शिस्त होती. याच राज्यात निजामाच्या पदरी अरब आणि रोहिलेही होते. शौर्यात ते कुणाला हार जाणारे नव्हते. पण त्यांचा पगार तुंबलेला असे. मग त्या पगारापोटी त्यांच्या जमादारांकडे मुलूखच गहाण पडे. ज्यांनी रयतेची राखण करायची, तेच वसुलीला तिच्या दारात उभे! दोष रक्ताचा नव्हता, रिकाम्या खजिन्याचा होता.

आणि ती कवायती फौज तरी स्वस्तात का पडली? तिच्या खर्चाची बाकी फिटेना, म्हणून मे 1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. उसन्या शिस्तीचे व्याज हे असे असते.

त्याच महिन्यात सालारजंग दिवाण झाला. वय अवघे 24. मक्त्याने वसूल करणाराचे हित रयतेला पिळण्यातच असते, हे त्याने ओळखले. त्याने गहाण मुलूख सोडवले, मक्ते मोडले, पगारी तालुकदार नेमले. 1865 साली जिल्हाबंदी केली. पुढे उत्तरेकडून शिकलेसवरलेले अंमलदार आणले. पगार आला, तालीम आली, कारभाराची घडी बसली.

तरी एक उणीव राहिलीच. दफ्तर फारशीत, 1884 पासून ते उर्दूत गेले. मराठी बोलणाऱ्या कुणब्याने आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा! अंमलदार हुशार असेल, नेकही असेल. पण ज्याच्यासाठी राबायचे त्याची बोली कानाला परकी, तर त्याचे दुःख काळजाला भिडावे कसे?

17 सप्टेंबर 1948 ला निजामी संपली. पुढे 1956 च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1960 साली महाराष्ट्राचा झाला. उर्दूत शिकलेल्या कारकुना-मास्तरांना मराठी लिखाणाला नव्याने हात बसवावा लागला. त्यांना तो त्रास खराच. पण चावडीवर आलेल्या म्हाताऱ्याला आपला कागद आता आपल्या भाषेत ऐकता येऊ लागला.

मी मास्तर माणूस. तालीम हात घडवते, वेळेवरचा पगार त्या हाताला लाचार होऊ देत नाही. पण काम कोणासाठी, हे मनात ठसल्याशिवाय त्या हाताला इमान येत नाही. तेव्हा यंदा गड्याच्या हाती बक्षिसी ठेवाल, तेव्हा त्याच्या मुलाची शाळाही विचारा. काम आपल्या माणसांचे आहे, असे त्यालाही वाटू द्या.