चुलीचा हिशेब

जऊळका हें वाशीम जिल्ह्यांतील गांव अकोला–पूर्णा लोहमार्गावर आहे. आगगाडीचें इंधन मापून नोंदलें जातें; वऱ्हाडांतल्या चुलींत जळणाऱ्या पऱ्हाट्या, तुराट्या व गोवऱ्या मात्र कोणत्याच वहींत चढत नाहींत. ज्यास पावती नाहीं तें हिशेबांत नाहीं, असा हा जुना प्रघात होय.

तो मोडण्याचा मोठा यत्न बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत झाला. तेथें १९७४ सालीं प्रा. अमूल्य रेड्डी यांनीं ग्रामोपयोगी तंत्रविद्येचें केंद्र काढलें. त्यांच्या मंडळीनें कर्नाटकांतील पुरा या खेड्यांत सरपण मोजलें आणि तें आणण्याचे तासहि मोजले. गांवाची बहुतेक ऊर्जा लांकडाची व तीहि मुख्यतः स्वयंपाकाची, असें दिसून आलें.

कर्बवायूचें गणित याहून नाजूक आहे. पऱ्हाटी पुढल्या हंगामांत पुन्हा वाढून हवेंतील कर्ब परत घेते. तोडलेल्या झाडाच्या जागीं दुसरें न वाढल्यास तो हवेंतच राहतो. शिवाय अर्धवट जळणानें काजळी व मिथेन निघतात. २०१६ सालीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें घरोघरीं गॅस पोंचविला; पण जोडण्या मोजल्या म्हणजे चुली विझल्या, असें आम्हांस म्हणवत नाहीं. सरपण वाहणाऱ्या बाईस विचारल्यावांचून हा हिशेब पुरा व्हावयाचा नाहीं.