प्रल्हाद शिंदेंची निवडक गाणी आणि गाळलेली गाणी

'न्यू ऑर्डर' नावाचा मँचेस्टरचा एक बँड होता (अजूनही आहे म्हणा). ऑफिसातला माझा एक मित्र त्यांचा १९८७ चा 'सबस्टन्स' हा संग्रह कोडिंग करताना आजही लावतो. मूळ अल्बम सोडून संग्रहच का? तर या मंडळींची गाजलेली गाणी सुट्या बारा इंची तबकड्यांवर निघायची. 'ब्लू मंडे' तर १९८३ च्या त्यांच्या मूळ ब्रिटिश अल्बमात नव्हतंच. ती सगळी एका जागी आली ती संग्रहातच.

लातूर-नांदेडच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) आमच्याकडे घरोघरी पोचले ते असेच. आधी सुट्या छोट्या तबकड्या. त्या वाजवायला यंत्र हवं, म्हणजे लग्नातला स्पीकरवाला हवा. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, एकीत दहा-बारा गाणी मावायला लागली आणि निवडक गाण्यांच्या कॅसेटी जीपपासून माळेगावच्या यात्रेपर्यंत सगळीकडे वाजू लागल्या. दत्ता पाटलांचे शब्द, मधुकर पाठकांच्या चाली आणि तो खडा आवाज! लहानपणापासून आईवडिलांबरोबर भजनं गाऊन कमावलेला. फाटक्या कर्ण्यातूनही शब्दन् शब्द कळायचा. ही गाणी टिकली त्याचं निम्मं श्रेय मी या एका गोष्टीला देतो.

पण निवडायचं म्हणजे गाळायचंही आलं. याच माणसानं विठ्ठलाची गाणी गायली तशी भीमगीतंही गायली, कव्वाल्याही गायल्या. कॅसेटी मात्र वेगळ्या. एक आषाढीला वाजणार, दुसरी १४ एप्रिलला. दुकानदाराला ते सोयीचंच, त्यात त्याचा दोष नाही. पण आमच्या भागात ही वाटणी साधी नव्हती. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळेंचा खून झाला. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. मधली सोळा वर्षं तोच आवाज गावाच्या दोन्ही टोकांना वाजत होता, आणि एका टोकाला दुसरी कॅसेट माहीतही नव्हती. किंवा माहीत करून घ्यायची नव्हती.

शिंदे मूळचे मंगळवेढ्याचे, म्हणजे चोखोबांच्या गावचे. ज्या पंढरपूरची वाट त्यांनी घराघरात नेली, तिथल्या देवळाचं दार दलितांना उघडलं १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. तेव्हा शिंदे चौदा वर्षांचे असतील. भक्तिगीतांच्या संग्रहावर हे कुठून छापलेलं असणार!

असो. आता फोनवरही याद्या वेगळ्याच असतात. मी दोन्ही एकत्र करून टाकल्या. दिवाळीत लातूरला घरी लावल्या तर चौथं गाणं भीमगीत लागलं. काकांनी उठून आवाज कमी केला.

"काका, आवाज तोच आहे," मी म्हटलं.

"माहितीय," म्हणाले.