चुंबकाचं ग्राइंडिंग लाइनमध्ये आलं, त्याची हकिकत

गेल्या पावसाळ्यात शनिवार खुटाजवळच्या एका भंगाराच्या दुकानात मला जुन्या लाउडस्पीकरच्या दोन चुंबकी रिंगा मिळाल्या. काळ्या, जड, मधे भोक असलेल्या. मंडळाच्या बैठकीत त्या टेबलावर ठेवल्या तेव्हा आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी विचारलं, "काय हो, यंदा ताम्रपट नाही वाटतं?" सगळे हसले, मीही हसलो. पण ताम्रपट वाचतात तशाच या रिंगाही वाचता येतात, एवढंच सांगायला मी उभा राहिलो होतो.

रिंग उजेडात तिरपी धरून बघा. बाहेरची कड खरखरीत आणि मळकी काळी असते, भट्टीतून आली तशीच. वरची आणि खालची बाजू मात्र गुळगुळीत, राखाडी आणि चमकदार. या दोनच बाजू घासलेल्या असतात, कारण त्या लोखंडी तबकड्यांना चिकटून बसायच्या असतात. मधे केसाएवढी जरी फट राहिली तरी चुंबकाचा जोर तिथे वाया जातो. कडेला काहीच चिकटायचं नसतं, मग तिच्यावर पैसा कोण घालवणार?

आता घासलेल्या बाजूवरच्या बारीक रेघा बघा. माझ्या एका रिंगेवर त्या सरळ आहेत, वहीच्या पानासारख्या. दुसरीवर त्या कमानीसारख्या आहेत, एकामागे एक. सरळ रेघांची रिंग पुढेमागे सरकणाऱ्या टेबलाच्या ग्राइंडरवर झालेली आहे: माणसाने हाताने मांडलेली, हाताने काढलेली. कमानींची रिंग उभ्या स्पिंडलच्या व्हीलखालून पट्ट्यावरून सरकत गेलेली, म्हणजे लाइनवरची. या दोन रिंगांच्या मधे जे घडलं त्यात मी स्वतः होतो, म्हणून हे लिहितो आहे.

थोडं मागे जातो. १९३० च्या सुमारास तोक्योत योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई या दोघांनी फेराइट हा पदार्थ हाताळला. लोखंडाचा ऑक्साइड आणि दुसऱ्या धातूंचे ऑक्साइड मिळून होणारं, भांड्याच्या मातीसारखं भाजायचं काम. ते बाजारात आणायला १९३५ मध्ये टीडीके ही कंपनी निघाली. आमच्या पिढीने हे नाव कॅसेटवर वाचलं, पण तिचा जन्म फेराइटसाठीचा. कायम चुंबकाच्या कामाचा बेरियमचा फेराइट हॉलंडच्या फिलिप्स कंपनीच्या लोकांनी १९५२ मध्ये जगापुढे मांडला. त्याआधी लाउडस्पीकरात अल्निको असायचा. तो जोरदार, पण त्यात कोबाल्ट लागतं, आणि १९७८ मध्ये झाइरेच्या खाणींच्या मुलखात धुमश्चक्री झाली तेव्हा कोबाल्टचे भाव असे भडकले की पुष्कळ कारखाने घाईघाईने फेराइटकडे वळले. फेराइटला लागतो तो गंज आणि बेरियम किंवा स्ट्रॉन्शियमचा कार्बोनेट. गंजाचा तुटवडा कुठेच नाही.

कृती अशी. पावडर मिसळून एकदा भाजायची, मग पाण्यासकट बॉल मिलमध्ये फिरवून एका मायक्रॉनच्या आसपास बारीक करायची. हा राडा साच्यात घालून, चुंबकी क्षेत्र लावून, पाणी काढत काढत दाबायचा. कण एका दिशेने तोंड करून बसतात. मग बाराशे अंश सेल्सिअसच्या वरच्या भट्टीत. तिथे माल आकसतो, आणि गंमत म्हणजे दाबाच्या दिशेने जास्त आणि आडवा कमी. म्हणून नेमकं माप भट्टीतून कधीच मिळत नाही, ते घासूनच आणावं लागतं. लेथची कटर इथे चालत नाही. हा माल लोखंडासारखा दिसतो, वागतो मात्र चिनी मातीच्या बशीसारखा. १९५५ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने कृत्रिम हिरा केल्याचं जाहीर केलं. पुढे त्या हिऱ्याची व्हील स्वस्त झाली नसती, तर फेराइट स्वस्त असूनही त्याचं घासकाम महागच राहिलं असतं.

१९९० मध्ये मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात लागलो. नाव सांगत नाही. तिथे ग्राइंडिंगचं खातं भट्टीपासून लांब, वेगळ्या शेडमध्ये होतं, आणि त्यात चौदा बायका कामाला होत्या. लोकांना वाटतं चुंबकाच्या कारखान्यात मॅग्नेटिक चकवर माल पटकन धरला जात असेल. उलट आहे. भट्टीतून आलेल्या फेराइटमध्ये चुंबकपण उरलेलं नसतं, ते साडेचारशे अंशांच्या वर निघून जातं. आणि असा माल चक धड पकडतही नाही. म्हणून बायका लोखंडी पाट गरम करून त्यावर राळ आणि मेणाचं मिश्रण लावायच्या, रिंगा ओळीने चिकटवायच्या, आणि चक तो पाट धरायची. एक बाजू झाली की पाट पुन्हा तापवायचा, रिंगा उलटवायच्या. शेडमध्ये राळेचा वास आणि बोटांना भाजल्याचे डाग.

ऑर्डरी वाढल्या, तशी साहेबांनी लाइन करायचं ठरवलं. दाबयंत्र, भट्टी, ग्राइंडर, मोजमाप, चुंबकन, सगळं एका रांगेत. तिशीही न गाठलेल्या माझ्या अंगावर हे काम पडलं आणि मला आकाश ठेंगणं झालं. वरच्यांपैकी एकाला चुंबकन ग्राइंडरच्या आधी हवं होतं, कारण तिकडे जागा मोकळी होती. तसं केलं असतं तर घासलेला सगळा चुरा रिंगेलाच चिकटून बसला असता. ते मी हाणून पाडलं आणि त्यामुळे स्वतःला जरा जास्तच शहाणा समजू लागलो.

लाइनवर एकेक रिंग पकडायची सोय नसते. पट्ट्यावर रिंगा एकमेकींना मागून रेटतात, दोन्ही बाजूंना पट्ट्यांची वाट असते, आणि त्या तशाच व्हीलखालून जातात. सोपं वाटतं. पण फेराइट पट्ट्यांनाच घासतो. कठीण केलेल्या पोलादाच्या पट्ट्या आठवड्यात खड्डे पडून वाकड्या चालायला लागल्या. यावर तोड निघाली ती आपल्या बेळगावात. सुट्टीत घरी आलो असताना उद्यमबागेतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये सहज बोललो. मालक फारसे शिकलेले नव्हते. ते म्हणाले, "लेथच्या टूलला कार्बाइडची टीप ब्रेझ करतो की आपण. पट्टीला का नको?" कार्बाइडचे तुकडे बसवलेल्या चार पट्ट्या त्यांनी दहा दिवसांत करून दिल्या आणि मी त्या रात्रीच्या एसटीने मांडीवर धरून नेल्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये इथे सायकलचं दुकान काढलं आणि पुढे कडबा कापायचं यंत्र केलं, हे आपण दर सभेत सांगतो. या चार पट्ट्यांचं कुणी सांगणार नाही, म्हणून इथे नोंद करून ठेवतो.

आता माझी चूक. भट्टी रात्रंदिवस चालते, ती बंद करता येत नाही. ग्राइंडर मात्र थांबतो: व्हील ड्रेस करायला, शिफ्ट बदलायला. जुन्या व्यवस्थेत मधे लाकडी घोड्यांवर एक रात्र माल पडून राहायचा. मला तो पडून राहिलेला पैसा दिसला. मी ते घोडे काढले आणि भट्टीच्या तोंडापासून सरळ पट्टा आणला. राळ लावायचं कामच उरलं नाही, तेव्हा बायकाही कमी झाल्या. अकरा गेल्या, तीन राहिल्या.

पहिल्या महिन्यात रिंगा फुटायला लागल्या. व्हीलखाली एखादी तुटली की मागच्या दहा तिच्यावर चढायच्या, व्हीलचे दात उडायचे. मी दोष भट्टीखात्यावर ढकलला. तीन आठवडे भांडणं झाली. राहिलेल्या तिघींपैकी एक मावशी मूळच्या निपाणीच्या, लग्नानंतर पुण्याकडे आलेल्या. आमचं गाव जवळ म्हणून माझ्याशी मोकळ्या बोलत. एका दुपारी त्यांनी पट्ट्यावरची रिंग उचलली, लगेच दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाल्या, "साहेब, पोळतीय ही. तापली बशी नळाखाली धरता व्हय घरात?"

तेवढंच होतं. बाहेरून थंड दिसणारी रिंग आतून गरम होती आणि ग्राइंडरच्या पाण्याखाली तडकत होती. घोडे माल साठवायला नव्हतेच, ते निववायला होते. शिवाय पाटावर चिकटवण्याआधी प्रत्येक बाई रिंग बोटात अडकवून दुसरीने टिचकी मारायची. चांगली खणकन वाजते, तडा असेल तर बद्द. हे कुठल्याही कार्यपत्रिकेत लिहिलेलं नव्हतं. चिकटवण्याचं काम काढलं, त्याबरोबर तपासणीही गेली, आणि गेली हे मला कळलंसुद्धा नाही.

मग पट्ट्याची वाट लांबवून निववण्याचा टप्पा घातला. व्हीलच्या आधी उंच रिंग अडवणारी आडवी दांडी बसवली. टिचकी मारायला दोघींना परत बोलावलं. घासलेला गाळ टाकीत बसवून पुन्हा बॉल मिलमध्ये घालायची सोय केली, ती मात्र पहिल्या दिवसापासून नीट चालली. त्या गाळाचा मला आजही अभिमान आहे. परत आलेल्या दोघी सोडून बाकीच्या नऊजणींचं पुढे काय झालं, याची चौकशी मी तेव्हा केली नाही.

कारखाना आता नाही. पाच वर्षांपूर्वी, इतिहासाचा नाद लागल्यावर, मी त्याचे कागद शोधायला निघालो. एका जुन्या सहकाऱ्याच्या माळ्यावर एक फाइल मिळाली. त्यात लाइनचा अहवाल होता, माझ्याच अक्षरात. त्यात यंत्रांची नावं आहेत, स्पिंडलचे हॉर्सपॉवर आहेत, वाचलेल्या मजुरीचा हिशेब आहे. फुटलेल्या मालाबद्दल एकच वाक्य: "शीतनाचा कालावधी अभ्यासाअंती निश्चित करण्यात आला." कुणाच्या अभ्यासाअंती? बायकांसाठी मी 'अतिरिक्त मनुष्यबळ' हा शब्द वापरला होता. उद्या कुणी या कारखान्याचा इतिहास लिहायला बसला तर हाच कागद त्याच्या हाती लागेल, आणि तो अस्सल कागद आहे, सही माझी आहे. शिलालेख वाचताना आपण म्हणतो की कोरवून घेणाऱ्याने स्वतःला काय हवं ते कोरवलं. ते मला त्या माळ्यावर धूळ झटकताना पुरतं समजलं.

गेल्या वर्षी, २०२५ च्या एप्रिलमध्ये, चीनने दुर्मिळ मृदांच्या धातूंवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यातीचे निर्बंध घातले आणि चुंबक अचानक पेपरात आला. ते निओडिमियमचं घराणं वेगळं. त्याचा सुका चुरा हवेत पेट घेतो, घासल्यावर गंजू नये म्हणून मुलामा द्यावा लागतो. नवे कारखाने उभारण्याची चर्चा वाचताना मी खाण आणि धातूबद्दल पुष्कळ वाचलं, घासकामाबद्दल फार थोडं.

मावशी आता निपाणीला लेकाकडे असतात. दिवाळीनंतर जाऊन आलो. अहवालाची झेरॉक्स नेली होती आणि ते वाक्य वाचून दाखवलं. त्यांना 'शीतन' कळेना. सांगितलं तेव्हा हसल्या आणि म्हणाल्या, "मग निवणं म्हणायचं की." पुढे त्यांनी अकरापैकी सातजणींची नावं आणि गावं सांगितली, ती मी वहीत उतरवून घेतली आहेत. त्यांच्या घरच्यांची परवानगी मिळेपर्यंत इथे देत नाही. भंगारातली कमानीच्या रेघांची रिंग मी त्यांना दिली. त्यांनी ती बोटात अडकवली, चमच्याने टिचकी दिली, कान लावला, आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

वाचकांपैकी कुणाकडे जुना रेडिओ किंवा लाउडस्पीकर मोडीत निघणार असेल तर आधी चुंबकावरच्या रेघांचा फोटो काढून मंडळाकडे पाठवा. फोटो तिरप्या उजेडात काढा, समोरून काढलेल्यात काही दिसत नाही.