ॲबे नोले यांची कुपी आणि नरखेडचा ताण

नरखेड तालुक्यात आंबिया बहारासाठी संत्र्याच्या बागेला हिवाळ्यात ताण देतात. पाणी तोडले की पाने मलूल होतात, झाड विसावा घेते. पुन्हा ओलीत सुरू झाले की फुलोरा धरतो. भारी काळ्या जमिनीत ओल लवकर हटत नाही, त्यामुळे तेथे ताण बसणे कठीण. हे सारे बागाईतदाराला पाठ असते. परंतु मुळाच्या पेशीत पाणी शिरते कसे? ते आत खेचणारा पंप तर पेशीपाशी नाही. या प्रश्नाचा इतिहास एका कॅथलिक डीकनपासून सुरू होतो, याचे आम्हांला कौतुक वाटते.

ॲबे जाँ-आन्त्वान नोले हे फ्रान्समधील पदार्थविज्ञानाचे नामांकित अध्यापक. 1748 साली त्यांनी मद्यार्काने भरलेल्या कुपीचे तोंड प्राण्याच्या मूत्राशयाच्या पापुद्र्याने घट्ट बांधले आणि कुपी पाण्यात बुडवून ठेवली. मद्यार्काला हवा लागू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. काही तासांनी पाहतात तो पापुद्रा टम्म फुगलेला! टाचणी टोचताच आतून चिळकांडी उडाली. मग त्यांनी उलट करून पाहिले: आत पाणी, बाहेर मद्यार्क. या वेळी पापुद्रा आत खचला. पाणी मद्यार्काकडे जात होते. मद्यार्क मात्र पापुद्र्यातून सहजी सुटत नव्हता.

या निरीक्षणाकडे बरीच वर्षे कोणी फारसे वळले नाही. 1826 च्या सुमारास द्युत्रोशे यांनी या क्रियेला नाव दिले व वनस्पतींशी तिचा संबंध जोडला. कारण मात्र त्यांनी विजेत शोधले, आणि ते चुकले. 1877 मध्ये फेफर यांनी तिचा दाब मोजला. त्या मापांच्या आधारे व्हान्ट हॉफ यांनी नियम बांधला. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक (1901) त्यांनाच मिळाले. आज आपण या क्रियेला परासरण म्हणतो. पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे पाणी आपोआप जाते. पेशीला त्यासाठी शक्ती खर्चावी लागत नाही.

वाट मात्र उशिरा सापडली. 1992 मध्ये पीटर ॲग्रे व सहकाऱ्यांनी एक प्रथिन बेडकाच्या अंडपेशींत निर्माण करविले. त्या अंडपेशी पातळ द्रावणात सोडताच फुगून फुटल्या, नोलेंच्या पापुद्र्याची आठवण व्हावी तशा. पाण्याची दारे ती हीच.

बुंध्याशी रासायनिक खताची पाटी एकदम रिती केली की झाड करपते, तेथेही हाच नियम. मातीतील द्रावण मुळातील रसाहून दाट होते आणि पाणी उलट्या वाटेने बाहेर पडते. जमीन ओली दिसते, झाड मात्र तहानलेले राहते.