साठ पोती की आठ? छोट्या खोलीतले स्पीकर आणि मौखिक इतिहास

माझ्या थिसिसच्या दुसऱ्या प्रकरणात जवळपास सहा महिने एक वाक्य होतं: सकाळच्या खेपेत एका हमालाच्या वाट्याला आठ पोती येत. त्यावर मी दोन पानांचा युक्तिवाद उभा केला होता. काम कमी, माणसं जास्त, म्हणून मजुरीवरून ओढाताण, वगैरे. आधार होता एका कॅसेटचा. ऐंशीच्या दशकात एका कार्यकर्त्यानं मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात हमालांशी मारलेल्या गप्पा. मी ती कॅसेट जुन्या डेकवरून लॅपटॉपवर घेतली, कानात इअरफोन घातले आणि लिहून काढली.

बोलणारा माणूस 'साठ' म्हणाला होता.

ही पोस्ट त्या 'स'बद्दल आहे. पेट देऊन आता मौखिक इतिहासावर प्रपोजल लिहिणाऱ्या तीन-चार जणांनी मला 'ऐकायला काय वापरतेस?' असं विचारलं, त्यांच्यासाठीही.

आधी मार्केट यार्ड. पुण्याचा घाऊक धान्यबाजार पूर्वी नाना पेठ, भवानी पेठ भागात होता. तिथून तो गुलटेकडीला आला. हमालांची संघटना त्याच्याही आधीची. बाबा आढावांच्या पुढाकारानं हमाल पंचायत पन्नासच्या दशकात उभी राहिली. राज्याचा माथाडी कायदा १९६९ चा. या सगळ्याची कागदपत्रं मिळतात: ठराव, अहवाल, बातम्या. मिळत नाही ते पाठीवरच्या ओझ्याचं वर्णन. ते बोलण्यातच आहे, आणि त्यातलं पुष्कळसं कॅसेटवर आहे. फिलिप्सनं १९६३ मध्ये आणलेली ही कॅसेट ऐंशीच्या दशकात आपल्याकडे इतकी स्वस्त झाली की पीटर मॅन्युएल यांनी त्यावर १९९३ मध्ये 'कॅसेट कल्चर' हे अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचा विषय उत्तर भारतातलं संगीत. पण स्वस्त टेपमुळे गाण्याबरोबर सभा आणि गप्पाही टेप झाल्या, आणि आमच्यासारख्यांची सोय झाली.

मी यार्डाच्या जवळच राहते. खोली दहा बाय दहा. तीच अभ्यासिका, तीच झोपायची. इअरफोनवर दिवसाला चार तास ट्रान्सक्रिप्शन केलं की कान दुखतात, पण माझी खरी अडचण वेगळी होती. शेजारच्या निवृत्त हमाल आजोबांना टेप ऐकवायची होती. इअरफोनचं एक टोक त्यांच्या कानात आणि एक माझ्या, हा प्रयोग दोन मिनिटांत फसला. खोलीत दोघांनी मिळून ऐकायचं तर स्पीकर हवेत.

गंमत म्हणजे, छोट्या स्पीकरचा इतिहास अशाच अडचणीतून घडलाय. कागदी शंकू आणि हलणारी कॉइल हे आजच्या स्पीकरचं रूप राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडलं. त्यानंतर बरीच वर्षं चांगला आवाज म्हणजे कपाटाएवढी पेटी, हे ठरलेलं. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी अमेरिकेत हवाबंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंग बनवलं आणि पेटी एकदम लहान झाली. पण फुकट काही मिळत नाही. लहान पेटी, खोल बास आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच पदरात पडतात. दुकानदार तिन्ही देतो म्हणाला तर समजून घ्या.

आमच्या कामाचा खरा पूर्वज मात्र ब्रिटिश आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बीबीसीच्या इंजिनिअरांना बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत बसेल असा स्पीकर हवा होता. गाडीत निर्मात्याला कार्यक्रम ऐकत ऐकत फोनवरही बोलायचं असे, त्यामुळे हेडफोन चालत नव्हता. म्हणजे माझी आणि आजोबांचीच तऱ्हा! त्यातून एलएस ३/५ए हा स्पीकर जन्मला. उंची जेमतेम एक फूट, आत सुमारे पाच लिटर हवा. त्याची पारख करताना संगीताइतकंच माणसाच्या साध्या बोलण्याला महत्त्व होतं. बोलणं हा फार कडक परीक्षक आहे. ढोल थोडा चुकला तर कळत नाही, पण ओळखीचा आवाज नाकात बोलायला लागला की लगेच कळतं.

हे वाचून मी मनाशी पक्कं केलं: दुकानात गाणं लावायचं नाही. पेन ड्राइव्हवर माझ्याच टेपचे पाच मिनिटांचे तुकडे घेऊन बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. पहिल्या दुकानात मुलानं चारशे वॉटची जोडी पुढे केली. इथे थोडा हिशोब करू, कारण माझीही आधी अशीच फसगत झाली असती. लहान स्पीकर एका वॉटला एक मीटरवर साधारण ८५ डेसिबल आवाज देतो. टेबलाशी बसून बोलणं ऐकायला ७० डेसिबल पुरतात. फरक १५ डेसिबलचा, म्हणजे लागतात ०.०३ वॉट. कुणी मध्येच ओरडलं, आवाज २० डेसिबलनं चढला, तरी तीन वॉट. दहा-पंधरा खरे वॉट असले की झालं. 'पीएमपीओ' लिहून छापलेला आकडा तर वाचूच नका, आरएमएस विचारा.

अँप्लिफायर निवडताना मी वॉटपेक्षा शांतता तपासली. काहीही न लावता व्हॉल्यूम वर न्यायचा आणि ट्वीटरला कान लावायचा. 'स्स्स' ऐकू आलं तर तो अँप गाण्याला चालेल, पण तुमच्या टेपच्या 'स'शी त्याची भेसळ होणार. टीपीए ३११६ चिपचे छोटे डबे स्वस्तात मिळतात. त्यातले दोन असेच फुसफुसले, तिसरा शांत निघाला. बास वाढवण्याचं बटण नसलेलाच घेतला. अँप आत बसवलेले स्पीकरही मिळतात, तारा कमी लागतात, पण आतला बोर्ड गेला की सगळी पेटी अडते. वेगळा अँप असेल तर गल्लीतला कुणीही दुरुस्त करतो. फेलोशिपवर जगणाऱ्यानं एवढा विचार करावा. स्पीकर घेतले सेकंडहँड: चार इंची वूफर, वेगळा ट्वीटर, बंद पेटी.

घरी आणून भिंतीला टेकवून ठेवले, आणि माणूस पिंपात बसून बोलतोय असं वाटू लागलं. दोष माझ्या खोलीचा होता. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झचा सूर घुमतो आणि त्याची दुप्पट ११२. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर नेमका त्याच पट्ट्यात. त्यात खोली चौकोनी, म्हणजे लांबी आणि रुंदी दोन्ही एकाच सुराला फुगवतात. स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे ओढले, ट्वीटर कानाच्या उंचीला येईल अशी खाली पुस्तकं घातली, आणि कोपऱ्यात बारदानाचा एक जाड गठ्ठा उभा केला. यार्डात तो मिळायला कितीसा वेळ! वास येतो, पण घुमणं बरंच कमी झालं.

मग आजोबांना बोलावलं. ते वाक्य आलं आणि ते हसायलाच लागले. "अगं पोरी, आठ नाही, साठ. आठ पोत्यांत चूल पेटते होय?"

इथे थांबून दुरुस्ती करणं सोपं होतं. पण आजोबा म्हणाले म्हणून आठाचे साठ करणं हासुद्धा पुराव्याशी खेळच. ते दुसऱ्याच्या आठवणीवर आपली आठवण ठेवत होते. मी तो तुकडा दहा वेळा ऐकला. आता एक गोष्ट जाणवली जी इअरफोनवर कधी जाणवली नव्हती: या एका कॅसेटवर सगळेच 'स' आणि 'श' बोथट आहेत. 'सकाळ'सुद्धा 'अकाळ'च्या जवळ जात होतं. दुसऱ्या कॅसेटवर तसं नव्हतं. म्हणजे दोष स्पीकरचा नाही, टेप डिजिटल करतानाचा.

कॅसेट ज्या यंत्रावर रेकॉर्ड होते त्याचं हेड किंचित तिरकं असेल आणि आपल्या डेकचं सरळ, तर वरचे सूर पुसले जातात. 'स'चा जीव तिथेच असतो. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. टेप चालू ठेवून तो केसभर फिरवला, आणि पडदा सरकावा तसा आवाज उघडला. सकाळ, शेंगदाणा, साठ. साठच. टेप पुन्हा डिजिटल केली आणि स्क्रू होता तिथे आणून ठेवला.

दोन पानं गेली. शंभर किलोचं पोतं धरलं तर साठ पोती म्हणजे एका सकाळी सहा टन. माझा 'काम कमी'वाला युक्तिवाद त्याखाली चिरडला. गाईड म्हणाले, बरं झालं, पण मेथडॉलॉजीत लिही. अलेस्सान्द्रो पोर्तेल्ली यांनी कधीच सांगून ठेवलंय की मौखिक साधन म्हणजे ध्वनी, लिहून काढलेली प्रत नव्हे. आम्ही ते उद्धृत करतो आणि प्रतच वाचत बसतो. आता माझ्या प्रत्येक ट्रान्सक्रिप्टच्या वर तीन ओळी असतात: कोणता डेक, हेड जुळवलं की नाही, कशावर आणि कुणाबरोबर ऐकलं.

रात्री ट्रक यायला लागले की खिडकी बंद करूनही काही ऐकता येत नाही, म्हणून मी दुपारी बसते. अजून अकरा कॅसेट बाकी आहेत. आजोबा चारला चहा घेऊन येतात.