केशाकर्षण म्हणजे काय? पाणी खालून वर कसं चढतं?

चहात पावाचं टोक बुडवा. कपातल्या चहाच्या पातळीच्या वरचा कोरडा पावही बघता बघता ओला होतो. निरांजनात तेल तळाशी असतं, पण ज्योत वातीच्या टोकाला जळते. जुन्या घरांत तर पावसाळा संपून महिने झाले तरी जमिनीतली ओल भिंतीवर सरकत राहते. पंप नाही, मोटर नाही, तरी द्रव गुरुत्वाकर्षणाला न जुमानता वर चढतो. याला केशाकर्षण म्हणतात. केसासारख्या बारीक नळीत हा प्रकार ठळक दिसतो, म्हणून हे नाव.

पाण्याच्या रेणूंना एकमेकांची ओढ असते, तशीच काच, माती, वीट, सुती धागा यांचीही असते. काचेची बारीक नळी पाण्यात उभी धरली की कडेचं पाणी काचेला चिकटून थोडं वर सरकतं. त्यामुळे नळीतल्या पाण्याचा वरचा भाग वाटीसारखा खोलगट होतो. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो, त्याला पृष्ठताण म्हणतात. हा पडदा आक्रसायला बघतो, पण त्याच्या कडा वर चिकटलेल्या असतात. मग मधलं पाणीच वर उचललं जातं. चढलेल्या पाण्याचं वजन आणि ही ओढ यांची बरोबरी झाली की चढण थांबते.

पाऱ्याचं नेमकं उलट होतं. त्याच्या कणांना काचेपेक्षा एकमेकांची ओढ फार जास्त, त्यामुळे काचेच्या बारीक नळीत पारा बाहेरच्या पातळीपेक्षा खाली राहतो.

नळी जितकी अरुंद, तितकं पाणी जास्त चढतं. कारण ओढ लागते ती नळीच्या परिघावर, आणि वजन ठरतं ते आतल्या क्षेत्रफळावर. व्यास निम्मा केला की परिघ निम्मा होतो, पण क्षेत्रफळ थेट पाव होतं. म्हणून उंची दुप्पट. १ मिलिमीटर व्यासाच्या स्वच्छ काचेच्या नळीत पाणी साधारण ३ सेंटिमीटर चढतं, ०.१ मिलिमीटरच्या नळीत ३० सेंटिमीटर. हा नियम इंग्लंडच्या जेम्स ज्युरिन यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी तो १७१८ च्या सुमारास मांडला.

मग ३० सेंटिमीटर पाणी चढवणारी नळी १० सेंटिमीटरवरच कापली तर वरून कारंजं उडेल का? नाही. पाणी तोंडापाशी येऊन थांबतं, बाहेर सांडत नाही. तसं झालं असतं तर फुकटची वीज मिळाली असती! पाणी सतत चढत राहायचं तर वरचं पाणी कुणीतरी काढून न्यावं लागतं. वातीत हे काम ज्योत करते, तेल जळतं आणि खालचं वर येतं.

झाडं पाणी वर नेतात ती केशाकर्षणाने, हे उत्तर सर्रास दिलं जातं. ते अर्धवट आहे. खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नलिका इतक्या बारीक नसतात, त्यांत केशाकर्षणाने पाणी फार तर दीड-दोन मीटर जाईल. कॅलिफोर्नियातली रेडवूडची झाडं तर १०० मीटरच्या वर जातात. तिथे पानांतून बाष्प उडतं आणि मुळापर्यंतचा पाण्याचा अखंड धागा वर ओढला जातो. केशाकर्षण असतं ते पानांच्या पेशीभिंतींतल्या अतिसूक्ष्म छिद्रांत, तेच या धाग्याचं वरचं टोक धरून ठेवतं.

घराच्या भिंतीत वातीचंच काम विटा करतात, फक्त ज्योतीच्या जागी हवा असते. पाणी उडून जातं, पण त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. भिंतीला लागणारा पांढरा लोणा तो हाच. क्षारांचे स्फटिक वाढले की रंग फुगतो, प्लास्टर सुटतं. अशा भिंतीवर आतून वॉटरप्रूफ रंग मारणं हा अनेकदा वाया जाणारा खर्च असतो. उडून जायची वाट बंद झाली की ओल त्या थराच्या मागून आणखी वर सरकते. खरा उपाय पायाशी असतो. जोत्यावर पाणी न शोषणारा थर आधीच दिलेला असेल तर ओल तिथेच अडते.

शेतातही हेच घडतं, फक्त नुकसान मोठं. ‘एक कोळपणी अर्धं पाणी’ असं शेतकरी म्हणतात. कोळप्याने वरचा थर मोकळा झाला की खालून वर येणाऱ्या बारीक वाटा तुटतात, भेगा बुजतात आणि ओल मुळांपाशी टिकते. तण जातं तो फायदा वेगळाच.

सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यातली क्षारपड जमीन ही याचीच दुसरी बाजू. वर्षानुवर्षं भरमसाट पाणी दिलं आणि निचरा झाला नाही, की जमिनीखालची पाण्याची पातळी वर येते. एकदा ती पृष्ठभागाच्या जवळ आली की काळ्या मातीची बारीक छिद्रं उरलेलं अंतर स्वतःच भरून काढतात. ऊन पाणी उडवतं, क्षार वर साठतात आणि रान पांढरं पडतं. वरून आणखी पाणी सोडून ते धुवायला गेलं तर निचऱ्याअभावी पातळीच वाढते. म्हणून तिथे आधी चर खणतात किंवा जमिनीखाली छिद्रांचे पाइप टाकतात, म्हणजे पाण्याची पातळी इतकी खाली जाते की केशाकर्षणाची ओढ पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाही.