विमानतळावरील रांगेचा इतिहास : एक बॅग, एक रांग आणि ३२९ जीव

१/
पट्टा काढा, लॅपटॉप वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा, पाण्याची बाटली रिकामी करा. परदेशी निघालेल्या मुलाच्या हातातील पिशवीतून आईने दिलेली साजूक तुपाची बरणी बाहेर काढली जाते आणि तिथेच राहते. आपण चरफडतो आणि पुढे सरकतो. हे नियम आले कुठून? आजच्या धाग्यात त्यांचा इतिहास पाहू.

२/
साठ वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत विमानात चढणे हे जवळजवळ बसमध्ये चढण्याइतके सोपे होते. सामानाची झडती नव्हती, धातुशोधक चौकट नव्हती. निरोप द्यायला आलेली मंडळी थेट विमानाच्या दारापर्यंत जात. विमान कंपन्यांना हा मोकळेपणाच आपल्या व्यवसायाचा प्राण वाटे.

३/
१ मे १९६१ रोजी एका प्रवाशाने अमेरिकेचे विमान धाक दाखवून क्यूबाला नेले. पुढे ही जणू साथच पसरली. १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत अमेरिकेत शंभराहून अधिक विमान अपहरणे झाली. काही वेळा तर एकाच दिवशी दोन विमाने पळवली गेली.

४/
आज नवल वाटेल, पण यावरचा पहिला उपाय झडती हा नव्हता. वैमानिकांना कॅरिबियन समुद्राचे नकाशे आणि स्पॅनिश वाक्यांचे तक्ते देण्यात आले. फ्लोरिडात हवानाच्या विमानतळाची हुबेहूब नक्कल उभारून अपहरणकर्त्यांना चकवावे, अशीही एक सूचना पुढे आली होती!

५/
झडतीला विरोध होता तो कंपन्यांचाच. प्रत्येक प्रवाशाला संशयित मानले तर सभ्य माणूस अपमान समजून विमानाकडे पाठ फिरवील, रांगा लागतील, वेळापत्रक कोलमडेल, खर्च वाढेल, अशी त्यांची भीती होती. त्यापेक्षा एखादे विमान हवानाला जाऊन परत येणे त्यांना स्वस्त वाटत होते.

६/
हा हिशेब चुकला तो नोव्हेंबर १९७२ मध्ये. तीन अपहरणकर्त्यांनी सदर्न एअरवेजचे विमान ताब्यात घेऊन ते ओक रिज येथील अणुभट्टीवर आदळण्याची धमकी दिली. विमान सुमारे तीस तास भटकत राहिले. आता प्रश्न केवळ विमानातील प्रवाशांचा उरला नव्हता.

७/
५ जानेवारी १९७३ पासून अमेरिकेत प्रत्येक प्रवाशाची आणि त्याच्या हातातील सामानाची तपासणी सक्तीची झाली. आपण ज्या रांगेत उभे राहतो, तिचा आरंभ साधारण या तारखेपासून धरता येतो. अमेरिकेतील अपहरणे पाहता पाहता कमी झाली. आणि लोकांनी विमानाकडे पाठ फिरवली नाही. ते रांगेत उभे राहिले.

८/
प्रश्न न्यायालयातही गेला. कोणत्याही संशयाविना नागरिकाची झडती घेता येते का? १९७३ मध्येच अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने सांगितले की, ही गुन्हेगाराच्या शोधासाठी घेतलेली झडती नसून प्रशासकीय तपासणी आहे. मात्र ती मर्यादित हवी आणि विमानात न चढता परत जाण्याची मुभा प्रवाशाला हवी.

९/
याच काळात भारतानेही चटका सोसला होता. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले 'गंगा' नावाचे फॉकर विमान दोन तरुणांनी लाहोरला नेले. त्यांच्या हातातील पिस्तूल आणि हातबॉम्ब खोटे होते. प्रवासी सुखरूप परतले, विमान मात्र लाहोरला जाळण्यात आले.

१०/
परिणाम मोठा झाला. भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. पश्चिम पाकिस्तानातून ढाक्याला जाणाऱ्या विमानांना श्रीलंकेमार्गे वळसा घ्यावा लागला. आणि तेही बांगलादेश मुक्तियुद्धाच्या ऐन तोंडावर. एका खोट्या पिस्तुलाने उपखंडाचे हवाईमार्ग बदलले.

११/
येथवर सारे लक्ष प्रवाशाच्या हातातील वस्तूंवर होते. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानाचे काय? येथे आपण या धाग्याच्या गाभ्याशी येतो. स्थळ कॅनडातील व्हँकुव्हर विमानतळ, तारीख २२ जून १९८५.

१२/
'एम. सिंग' या नावाचे तिकीट घेऊन एक माणूस काउंटरवर आला. व्हँकुव्हर ते टोरंटो ही त्याची जागा निश्चित होती. तेथून पुढे दिल्लीपर्यंत तो प्रतीक्षा यादीत होता. तरीही आपली बॅग थेट दिल्लीपर्यंत पाठवा, असा त्याचा हट्ट होता. नियमाने ते करता येत नव्हते. काउंटरवरील कर्मचारी स्त्रीने आधी नकार दिला.

१३/
तो वाद घालत राहिला. त्याच्या मागे प्रवाशांची रांग ताटकळत उभी होती. अखेर तिने बॅगेवर दिल्लीची चिठ्ठी लावली. बॅग विमानात चढली. तो माणूस चढलाच नाही, आणि याची दखल कोणीही घेतली नाही.

१४/
टोरंटोला ही बॅग एअर इंडियाच्या सामानात मिसळली. तेथे क्ष-किरण यंत्र मध्येच बंद पडले आणि उरलेल्या बॅगा हातात धरायच्या एका स्फोटकशोधक उपकरणाने तपासल्या गेल्या. २३ जूनच्या सकाळी आयर्लंडजवळ अटलांटिकवर, सुमारे ३१,००० फुटांवर, 'कनिष्क' या बोइंग ७४७ विमानात स्फोट झाला. ३०७ प्रवासी आणि २२ कर्मचारी, सगळेच्या सगळे ३२९ जण गेले.

१५/
त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानासाठी आलेल्या बॅगेत स्फोट होऊन सामान हलवणारे दोन कामगार ठार झाले. ती बॅगही व्हँकुव्हरहूनच निघाली होती, आणि तिच्याही सोबत तिचा प्रवासी नव्हता.

१६/
'प्रवासी नाही, तर त्याचे सामानही नाही' हा नियम 'कनिष्क'नंतर आंतरराष्ट्रीय पातळीवर नेटाने पुढे आला. पण नियम कागदावर येणे आणि तो पाळला जाणे यांत अंतर असते. २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधील लॉकरबी गावावर पॅन ॲमचे विमान कोसळले. २७० जण मेले. बॉम्ब पुन्हा एका बेवारस बॅगेतच होता.

१७/
विमानात बसल्यावर आपण कधी तरी ऐकतो की, एक प्रवासी आलेला नाही, त्याचे सामान उतरवले जात आहे, विलंबाबद्दल क्षमस्व. सगळे घड्याळाकडे पाहतात, कोणी त्या अनोळखी माणसाला शिव्या देतो. ती वीस-पंचवीस मिनिटे म्हणजे व्हँकुव्हरच्या काउंटरवर वाचवलेल्या वेळेची उशिरा झालेली वसुली आहे.

१८/
पुढची यादी झपाट्याने पाहू. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेले आयसी-८१४ कंदाहारला नेले गेले. त्यानंतर २००० पासून आपल्या विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागली. डिसेंबर २००१ मध्ये पॅरिसहून मायामीला जाणाऱ्या विमानात एकाने बुटातील स्फोटके पेटवण्याचा प्रयत्न केला. पुढे अमेरिकेत सर्वांना बूट काढावे लागले.

१९/
ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये एक कट उघड झाला. शीतपेयाच्या बाटल्यांतून द्रवरूप स्फोटके नेऊन अटलांटिकवरील विमाने उडवण्याचा तो बेत होता. त्यातून १०० मिलिलिटरची मर्यादा आली. आईच्या तुपाच्या बरणीची वाट अडवली ती या कटाने.

२०/
मग प्रत्येक नियम कायमचा असावा काय? मुळीच नाही. हातातील सामानाच्या चिठ्ठीवर शिक्का मारून घेण्याची पद्धत आपण वर्षानुवर्षे पाळली. १ एप्रिल २०१७ पासून मुंबई, दिल्लीसह सात विमानतळांवर ती बंद झाली. तेथे कॅमेरे आणि अन्य व्यवस्था पुरेशी होती. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने बूट काढण्याची सक्ती उठवली. नवी सीटी यंत्रे आल्यावर एडिंबरोला १०० मिलिलिटरची मर्यादाही गेली.

२१/
नियम आणायला एक दुर्घटना किंवा एक फसलेला कट पुरतो; तो काढायला मात्र वर्षे लागतात. कारण नियम काढल्यावर काही घडले, तर जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. आणि नियमामुळे टळलेला घात कोणाच्याच नजरेस पडत नाही. म्हणून जाच वाटणाऱ्या नियमाविषयी दोन प्रश्न विचारणे हा नागरिकाचा हक्क आहे. हा कोणत्या घटनेतून आला? तो धोका आज दुसऱ्या उपायाने टळतो का?

२२/
पहिल्या प्रश्नाचे उत्तर माहीत नसताना दुसरा विचारू नये, इतकेच. आयर्लंडच्या किनाऱ्यावर अहाकिस्टा या लहानशा गावी 'कनिष्क'मधील मृतांचे स्मारक आहे. दरवर्षी २३ जूनला तेथे माणसे जमतात. पुढच्या वेळी रांगेत उभे असताना, काउंटरवरची कर्मचारी एखाद्या हट्टी प्रवाशाला ठामपणे 'नाही' म्हणत असेल आणि आपला खोळंबा होत असेल, तर तिला घाई करू नका.

धागा समाप्त.